म्हशीला खुराक, गाईला उष्टावळ

आज मुरघास नाही, औषधं नाहीत. जरा कडू लिहिणार आहे, पण हिशोबासकट लिहिणार आहे. पटलं नाही तर आकड्यावर बोट ठेवा, माझ्यावर नको.

बकरी ईदला बोकड विकायचा असला की आपल्याकडचा माणूस तीन महिने आधी त्याला वेगळा बांधतो. मका, हरभऱ्याचा भुसा, शेंगपेंड, वर घास. जत्रेच्या बोकडाचंही तसंच. का? शेवटच्या तीन महिन्यांत जे पोटात घालाल ते अंगावर दिसतं, आणि अंगावर दिसतं त्याचे पैसे येतात. भाकड म्हशीलाही आपण हाच न्याय लावतो. राहिली गाय. तिचं दूध आटलं, दोनतीनदा उलटली, डॉक्टरांनी हात झटकले, की त्या दिवसापासून तिच्या गव्हाणीत पडणारी पाटी हलकी होत जाते. आधी पेंड बंद. मग मुरघास बंद. मग दुभत्या गाईंनी हुंगून सोडलेली उष्टावळ तिच्यापुढे सरकवायची. अंथुर्ण्यात, लासुर्ण्यात, सणसरला, कुठल्याही मोठ्या गोठ्यात शेवटच्या खुंट्याला जी बरगड्या मोजून घ्याव्यात अशी एचएफ उभी असते ना, ती हीच. वसुबारसेला हिलाच ओवाळलेलं असतं.

म्हणजे जे कापायला जाणार ते धष्टपुष्ट, आणि जिला कापायला बंदी ती उपाशी. आपल्यातला शेतकरी निर्दय झाला म्हणून हे झालेलं नाही. तोच हात म्हशीला भरडा घालतोय. फरक एवढाच की म्हशीला शेवटी किंमत आहे आणि गाईला कायद्याने ठेवलेली नाही.

म्हशीचा हिशोब आधी देतो, कारण ते काम कायद्यात बसतं. आपल्या राज्यात म्हैस कापता येते, पण पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो: दुधाला, पैदाशीला, कामाला आता परवडणारी राहिली नाही असा. माझी एक म्हैस पाचव्या वेतानंतर गाभण राहीना. दोन सड दगडीने गेलेले. जशी होती तशी हेडी ३३ हजाराला मागत होता. मी नाही म्हटलं. आधी दूध पूर्ण आटवलं, जंताचं औषध दिलं, तोंड उघडून दाढा बघितल्या. (दाढा गेलेल्या जनावराला खुराक घालू नका, निम्मा शेणातून बाहेर येतो.) मक्याचा भरडा पहिल्या दिवशी अर्धा किलो, मग दहा-बारा दिवसांत वाढवत अडीच किलोवर. एकदम घातला तर अपचन होऊन जनावर बसतं, मग खुराक राहतो बाजूला आणि डॉक्टरचं बिल सुरू. सोबत मुरघास २० किलो, सरकी पेंड १ किलो, कडब्याची कुट्टी, मीठ आणि खनिज मिश्रण. दिवसाला २०० रुपये पडले. ७५ दिवसांत खुब्याची हाडं झाकली, शेपटीच्या मुळाशी हाताला मऊ लागायला लागलं. त्याच्या पुढे थांबण्यात अर्थ नसतो. नुसती चरबी चढते, आणि चरबीचा किलो मांसाच्या किलोपेक्षा जास्त खुराक खातो. शेवटच्या टप्प्यात प्रतिजैविकाचं इंजेक्शन झालं असेल तर बाटलीवर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय जनावर हलवायचं नाही. ती ५२ हजाराला गेली. १९ हजार वाढले, १५ हजार खाल्ले, ४ हजार उरले.

४ हजारात कुणी बंगला बांधत नाही. पण त्या ४ हजारांच्या आशेने म्हैस ७५ दिवस पोटभर जेवली, सावलीत बसली, औषधपाणी घेतलं, आणि स्वतःच्या चार पायांवर गाडीत चढली. ज्यांना प्राण्यांची कणव आहे त्यांनी हे वाक्य परत एकदा वाचावं.

जगभर दुधाचा धंदा असाच चालतो. अमेरिका-युरोपात दर वर्षी गोठ्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या गाई बदलतात. बारीक गाय दोन-तीन महिने खाऊ घालून विकायची की तशीच, याचं तिथं रीतसर गणित मांडतात, कारण गाईचा शेवटचा पैसा हा दुधाच्या हिशोबातलाच पैसा असतो. आपण एचएफ तिथून आणली, रेतन तिथलं, दूध काढायचं यंत्र तिथलं, मुरघासाची पद्धत तिथली. तेवढं हिशोबाचं शेवटचं पान फाडून ठेवलं.

आता तो हिशोब. भाकड गाय नुसती जिवंत ठेवायची, बाकी काही नाही, तर १८ किलो मुरघासाचे ९० रुपये (घरचा, ५ रुपयांनी धरलाय), ३ किलो कुट्टीचे २४, दीड किलो गोळी पेंडेचे ४५, मीठ-खनिज-औषधाचे सरासरी ११. झाले १७०. घरच्या माणसांची मजुरी धरली नाही, आपण ती कधीच धरत नाही. वर्षाचे ६२ हजार ५०. एचएफ सातव्या-आठव्या वर्षी दावणीतून बाद होते. नीट सांभाळली तर पुढे आणखी सहा वर्षं सहज काढेल. ३ लाख ७२ हजार ३०० रुपये.

आणि तिने दिलं काय? दिवसाला सरासरी १२ लिटर, वेताला ३०० दिवस, चार वेतं. १४ हजार ४०० लिटर. भाकडपणाचा खर्च यावर वाटला तर लिटरमागे २५ रुपये ८५ पैसे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने संघांना सांगितलेला दर होता २८ रुपये, वर ७ रुपये अनुदान. म्हणजे गाय मरेपर्यंत सांभाळा असं ज्याला म्हणायचं असेल त्याने २८ मधले जवळजवळ २६ रुपये त्याच कामाला बाजूला काढायला सांगावेत आणि उरलेल्या सव्वादोन रुपयांत चारा, मजुरी, कर्जाचा हप्ता बसवून दाखवावा. मी शिकायला येईन.

उलटं करून बघा. तीच गाय कायदेशीरपणे खाऊ घालून विकता आली आणि म्हशीच्या निम्मेच, २५ हजार आले, तर लिटरला १ रुपया ७४ पैसे सुटतात. अनुदानासाठी फॉर्म भरा, कानातला बिल्ला ऑनलाइन दाखवा, महिनोन्‌महिने खात्यात आले का बघा, त्यातलं काही नाही. आपल्याच घामाचे पावणेदोन रुपये.

"शेण-गोमूत्रावर गाय पोसते" हे ज्ञान आपल्याला नेहमी ऐकवलं जातं. शेणखताचं महत्त्व मला कुणी सांगायला नको, माझं ऊसाचं रान त्यावरच आहे. पण १५ किलो ओलं शेण धरलं तर वर्षाला साडेपाच टन, कुजून अडीच टनाच्या आसपास. एक ट्रॉली. आमच्याकडे ट्रॉलीचे साडेचार-पाच हजार मिळाले तर भाव चांगला म्हणायचा. ६२ हजार घालून ५ हजार काढायचे. हा मुद्दा नुसता कट्ट्यावरचा नाही बरं का. १९५८ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की निकामी झालेल्या बैलांच्या कत्तलीवर सरसकट बंदी वाजवी नाही. २००५ साली गुजरातच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने, सहा विरुद्ध एक, ते फिरवलं. शेण-मूत देतंय तोवर जनावर निकामी नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण. त्या निकालात शेणाची तुलना चक्क कोहिनूर हिऱ्याशी आहे. आमच्या उकिरड्यात दर वर्षी एक ट्रॉली कोहिनूर निघतो, पाहिजे त्याने घेऊन जावा, भाडं तेवढं तुमचं.

गाय कापायला आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्यापासूनच बंदी आहे. बैलांना मात्र दाखल्यावर परवानगी होती. जुन्या बैलजोडीत थोडी भर घालून नवी जोडी आणायची, ही आजोबांची पद्धत त्यावरच चालायची. १९९५ साली विधिमंडळाने दुरुस्ती केली, ती २० वर्षं दिल्लीत पडून राहिली आणि २०१५ मध्ये राष्ट्रपतींची सही होऊन आली. बैल, वळू सगळेच बंद. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. नुसती कत्तल नाही, कत्तलीसाठी विकणं, घेणं, राज्याबाहेर नेणं, सगळं गुन्हा. ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस बाळगण्यावरची बंदी आणि निर्दोष असल्याचं आरोपीनेच सिद्ध करायचं हे कलम तेवढं उडवलं.

१९७६ चा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यापुढे खिलार गाय होती, जी शेतकरी बैलासाठी ठेवायचा आणि दूध घरापुरतं काढायचा. तेव्हाच तिकडे उरुळी कांचनला मणिभाई देसाईंची १९६७ मध्ये सुरू झालेली बाएफ संस्था गोठवलेल्या रेतनातून संकरित गाई गावोगाव पोचवत होती. मणिभाई गांधीजींचे शिष्य. त्यांना दोष देत नाही, त्या गाईने आपल्या भागातली कितीतरी घरं उभी केली. नीरा डाव्या कालव्याचं पाणी नसलेल्या माणसाच्या घरात दर दहा दिवसांनी पगार येतो तो हिच्यामुळे. पण गाय बदलली, धंदा बदलला, बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, आणि कायदा खिलारीच्याच काळात उभा राहिला. एचएफच्या गोऱ्ह्याचं तर बोलूच नका. औताला चालत नाही, विकता येत नाही. जन्मल्यावर चीक पाजला तर पाजला, मग दुधाला तोंड लावू द्यायचं नाही. पंधरा दिवसांत तो आपोआप संपतो. हे सगळ्या गोठ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. लिंगनिर्धारित रेतन आल्यापासून गोऱ्हे कमी झाले, एवढंच बरं.

मग भाकड गाई जातात कुठे? जातातच ना. मेल्या असत्या तर गावोगाव सांगाडे दिसले असते. हेडी येतो, पाच-सात हजारावर अडून बसतो, कधी नुसती "घेऊन जा बाबा" म्हणून सोडावी लागते. कागदावर सगळे "पाळण्यासाठी". २५ हजाराची वस्तू ५ हजाराला गेली तर मधले २० हजार हवेत विरत नाहीत. रस्त्यावर जो जो भीती दाखवू शकतो त्याचा त्यात वाटा असतो. धोका वाढला की वाटा वाढतो आणि आपला दर अजून पडतो. गाईचं काय होतं? लपवून न्यायची म्हणजे रात्री, कोंबून, पाय बांधून, पाण्याविना, शंभर कोसावर. बंदीमुळे ती वाचत नाही, तिचा प्रवास लांबतो. आणि जी अशी जात नाही ती पालखी महामार्गावर सोडलेली दिसते. चौपदरी झाल्यापासून रात्रीच्या मोटारसायकलवाल्यांना विचारा, दुभाजकाला टेकून बसलेली काळी-पांढरी गाय कशी ऐन वेळेला दिसते ते.

गोशाळा म्हणाल. ३० सप्टेंबर २०२४ ला सरकारने गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं. कुठल्या गाईला? देशी. गोशाळांना दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवलं, तेही देशी गाईलाच. एचएफ कापायला निघाली की ती माता; चारा मागायला लागली की परदेशी. आणि ५० रुपयांत तर देशीही पोसत नाही. चांगल्या गोशाळा चालवणारे लोक मी बघितलेत, पदरमोड करतात, त्यांना हात जोडतो. पण एका तालुक्यातल्या एका वर्षाच्या भाकड गाई सांभाळायलासुद्धा त्यांची जागा पुरणार नाही, आणि हे तेच सांगतात.

२०२५ च्या पावसाळ्यात काय झालं ते आठवा. मारहाण, गाड्या अडवणं याला कंटाळून कुरेशी समाजाने जनावरांची खरेदीच बंद ठेवली. तेव्हा गाई तर सोडाच, कायदेशीर म्हशीही बाजारातून परत आल्या. दाखला असलेल्या म्हशीची गाडीसुद्धा अडवली जाते, कारण अडवणाऱ्याला ताडपत्रीखालचं दिसत नाही आणि बघायचंही नसतं. त्या महिन्यांत कळलं की घेणारा आणि विकणारा एकाच जुवाला जुंपलेले आहेत. तो थांबला की आपली दावण तुंबते. हा हिंदू-मुसलमानाचा विषय करणाऱ्यांनी एकदा भाकड म्हैस घेऊन बाजारात उभं राहावं, आणि दुपारी तीनला परतीच्या टेम्पोचं भाडं स्वतःच्या खिशातून द्यावं.

घरातला प्रश्न वेगळा आहे, तो टाळत नाही. आमची आई अजून गाईच्या पाया पडल्याशिवाय चहा घेत नाही. तिला मी कधी म्हणणार नाही की तुझं चुकतं. ज्याला आपली म्हातारी गाय दावणीला मरेपर्यंत ठेवायची आहे त्याने ठेवावी. आमच्याकडे एक अशी आहे, आईची. तिचा खर्च मी वहीत लिहीत नाही. पण ती आमची श्रद्धा, आमच्या पैशाने. १५ गाईंच्या गोठ्याला ती सक्तीने लावता येत नाही. गाय उपयुक्त पशू आहे, हे सावरकरांनी मराठीतच लिहून ठेवलंय; आज त्यांचे फोटो लावणारेच ते वाचत नाहीत.

आणि बंदीने गोवंश वाढला म्हणाल तर तसंही नाही. २०१२ च्या पशुगणनेत राज्यात गाय-बैल मिळून १ कोटी ५५ लाखांच्या आसपास होते, २०१९ मध्ये १ कोटी ३९ लाख. सुमारे १० टक्के घट. त्याच काळात पश्चिम बंगालमध्ये, जिथे म्हाताऱ्या जनावराला दाखल्यावर परवानगी आहे, १५ टक्के वाढ, आणि तो देशात पहिला. सगळं बंदीमुळे झालं असं मी म्हणणार नाही, ट्रॅक्टर आहे, दुष्काळ आहे. पण शेवटी ओझं होणारं जनावर माणूस कमीच पाळणार, हे समजायला पशुगणना लागत नाही.

मागणी काय ते सरळ सांगतो. देशी गाय राहू द्या बाजूला, तिच्यावर वाद नको. संकरित गाईला म्हशीचाच नियम लावा: वेतं, वय, गर्भाशय, कास तपासून सरकारी पशुवैद्यकाचा दाखला, बिल्ल्यावर नोंद, दिवसाउजेडी वाहतूक, जवळचा परवाना असलेला कत्तलखाना. हे जमत नसेल तर सरकारने गाय विकत घ्यावी. दर ठरवायला समितीही नको. २०२२ मध्ये लंपीने मेलेल्या दुभत्या गाईला सरकारनेच ३० हजार दिले होते. मेलेलीला ३० हजार देता येतात तर जिवंत भाकडीला २५ द्या आणि जिथे पाहिजे तिथे सांभाळा. आणि दोन्ही नको असेल तर लिटरमागचे २५ रुपये ८५ पैसे दुधाच्या दरात घाला. पुण्या-मुंबईच्या पिशवीवर तेवढे चढवा, मग बघू कुणाची भक्ती किती लिटरची आहे.

दाखला मिळाला तर मी काय करीन तेही ठरलेलं आहे. कारखाने सुरू झाले की उसाचं वाढं स्वस्त होतं, पण नुसत्या वाढ्यावर कॅल्शियम घटतं, म्हणून खनिज मिश्रण दुप्पट. भरडा हळूहळू अडीच किलोपर्यंत. एचएफ म्हशीपेक्षा लवकर अंग धरते असा माझा अंदाज आहे, ६० दिवस पुरावेत. शेवटच्या खुंट्यावरून काढून तिला पहिल्या गव्हाणीला बांधीन.

पशुसंवर्धन खात्याला निवेदन द्यायचं आहे. ज्यांच्याकडे भाकड गाईची वही आहे त्यांनी तीनच आकडे पाठवा: दिवसाचा खर्च, किती दिवस सांभाळली, शेवटी हातात काय आलं. नाव नको असेल तर नुसतं गाव लिहा. आणि म्हशीच्या खुराकाचे आकडे असतील तर तेही, शेजारी-शेजारी लावायचे आहेत.